अँटी-डंपिंग ड्यूटीचा अर्ज : आधी स्वतःची वही, मग आयातीचा हिशेब

आयात माल आपल्या दरापेक्षा स्वस्त पडतो, एवढ्यावरून अँटी-डंपिंग ड्यूटी लागत नाही. कायद्याच्या लेखी डंपिंग म्हणजे परदेशी उत्पादक स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकतो त्यापेक्षा कमी भावाने तोच माल भारतात पाठवणे. तेवढ्यानेही भागत नाही. इथल्या उत्पादकांचे नुकसान झाले आणि ते याच मालामुळे झाले, हेही दाखवावे लागते. डंपिंग, नुकसान आणि दोघांमधला संबंध, या तीन गोष्टींपैकी एक जरी लंगडी पडली तरी प्रकरण तिथेच संपते.

तारापूर, लोटे किंवा कुरकुंभच्या रासायनिक पट्ट्यातला मध्यम कारखानदार बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी दिल्लीचा वकील, मग आयातीची आकडेवारी, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या उत्पादन खर्चाचे कागद. ड्यूटी किती बसेल हे मात्र मुख्यतः त्या शेवटच्या कागदांवर ठरते. म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

कोणते शुल्क मागायचे

सीमाशुल्क दर कायदा, १९७५ मध्ये वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वेगवेगळी कलमे आहेत. कलम ९अ अँटी-डंपिंगसाठी आहे. कलम ९ मध्ये परदेशी सरकारच्या अनुदानाला उत्तर देणारी काउंटरव्हेलिंग ड्यूटी येते. आयात अचानक फुगली आणि उद्योगाचे गंभीर नुकसान होत असेल तर कलम ८ब खाली सेफगार्ड ड्यूटी मागता येते. एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलाद उत्पादनांवर २०० दिवसांसाठी लावलेले १२ टक्के तात्पुरते शुल्क हे याच कलमाखालचे. सेफगार्डमध्ये परदेशी विक्रेत्याची लबाडी सिद्ध करावी लागत नाही. पण नुकसानाची कसोटी फार कडक असते, आणि मिळालेल्या काळात आपण स्पर्धेला कसे उभे राहणार याची योजनाही द्यावी लागते.

चौथा मार्ग मूळ सीमाशुल्क वाढवून मागण्याचा. अर्थसंकल्पाआधी वित्त मंत्रालय उद्योगांकडून सूचना मागवते, तेव्हा एचएस कोड (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक), सध्याचा दर, मागितलेला दर आणि कारण असे निवेदन द्यायचे. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी शुल्क, अशी उलटी रचना असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ. पण माल आसियान, जपान किंवा कोरियासारख्या मुक्त व्यापार करारातल्या देशांतून सवलतीच्या दराने येत असेल, तर मूळ दर वाढवून काही हाती लागत नाही. अँटी-डंपिंग ड्यूटी करारातल्या देशांवरही लागते. हा फरक ध्यानात न घेता दोन-दोन वर्षे अर्थसंकल्पाची वाट पाहणारे उद्योग आहेत.

इथून पुढचे सगळे अँटी-डंपिंगबद्दल. हा अर्ज वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीटीआरकडे जातो. हे कार्यालय सध्याच्या रूपात मे २०१८ पासून आहे. छोट्या उद्योगांसाठी तिथे मदत कक्षही आहे. सल्लागार नेमण्याआधी मालाचे नाव, कोड आणि ढोबळ आकडे घेऊन तिथे विचारणा करा. प्रकरणात दम आहे की नाही याचा अंदाज येतो.

अर्ज करण्याचा हक्क

१९९५ च्या अँटी-डंपिंग नियमांतला नियम ५ दोन मापे लावतो. अर्जाला उघड पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवे. शिवाय पाठिंबा आणि विरोध व्यक्त करणाऱ्यांचे उत्पादन एकत्र धरले, तर त्यात पाठिंब्याचा वाटा ५० टक्क्यांहून जास्त हवा. गप्प बसलेले उत्पादक दुसऱ्या मापात मोजले जात नाहीत.

म्हणून पहिले काम सहउत्पादकांची यादी. गुजरात आणि तमिळनाडूतले स्पर्धकही त्यात येतात. प्रत्येकाची स्थापित क्षमता आणि उत्पादन लिहा, आणि पाठिंब्याच्या पत्रात आकडे मागा. ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला किंमत नसते. शेकडो छोटे कारखाने असलेल्या विखुरलेल्या उद्योगात संघटनेमार्फत आणि नमुन्यादाखल निवडक घटकांची माहिती देऊन अर्ज करण्याची सोय आहे.

यात एक खड्डा हमखास लागतो. अर्जदाराने स्वतःच तो माल आयात केला असेल, किंवा परदेशी निर्यातदाराशी त्याचे मालकीचे नाते असेल, तर त्याला ‘देशांतर्गत उद्योगा’तून वगळता येते. मंदीत ग्राहक टिकवायला दोन-तीन कंटेनर मागवून विकले असतील तर ते लपवू नका. किती मागवले, उत्पादनाच्या किती टक्के आणि का, हे अर्जातच सांगा. प्रमाण अल्प असेल तर बहुधा निभावते. विरोधी वकिलाने सुनावणीत बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या वेळी सीमाशुल्काकडे भरलेला कागद) काढून दाखवली तर विश्वास जातो, आणि मग बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

मालाचे वर्णन

तपास कोणत्या मालाचा, हे शब्दांत लिहायचे असते. एचएस कोड फक्त दिशा दाखवतो, बंधन शब्दांचे. वर्णनात रासायनिक नाव, शुद्धता, रूप, आकारमान आणि उपयोग यावेत. तुम्ही बनवत नाही तो दर्जा त्यात घातला, तर वापरकर्ते लगेच वगळण्याची मागणी करतील आणि त्या वादात महिने जातील. फार अरुंद लिहिले तर निर्यातदार ९९ टक्के शुद्धतेचा माल ९८ टक्के करून पाठवील. सगळ्यात बरी चाळणी आपल्या विक्री बिलांची. गेल्या चार वर्षांत जे दर्जे खरोखर बनवून विकले त्यांची यादी काढा, आणि वर्णन त्या यादीला पुरेसे होईल असे लिहा. दर्जांच्या किमतींत मोठा फरक असेल तर प्रत्येकाला वेगळी ओळखखूण द्या. नाहीतर स्वस्त दर्जाची महाग दर्जाशी तुलना होऊन फरक खोटा दिसतो.

काळ आणि आयातीचे आकडे

तपासाचा काळ सहसा १२ महिन्यांचा. कारणे नोंदवून तो ६ ते १८ महिने करता येतो. तपास सुरू होण्याच्या दिवशी हा काळ सहा महिन्यांपेक्षा जुना नको. त्याच्या मागची तीन वर्षेही नुकसानाच्या अभ्यासात येतात. म्हणजे चार वर्षांचे आकडे हवेत, आणि अर्जात त्रुटी निघून तो रेंगाळला तर शेवटचा काळ शिळा होऊन सगळे पुन्हा गोळा करावे लागते. मार्चअखेरचा काळ धरला असेल तर सप्टेंबर संपण्याआधी तपास सुरू झालेला हवा. त्यामुळे पूर्ण अर्ज जुलैच्या आत पोचेल असे पाहा.

आयातीची व्यवहारनिहाय माहिती कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाकडून किंवा सीमाशुल्काच्या संगणक यंत्रणेतून घेतली जाते. खासगी विक्रेत्यांचे आकडे अंदाजासाठी ठीक, पण तपासात सरकारी आकडेच धरले जातात. मिळालेली यादी जशीच्या तशी बेरजेला घेऊ नका. ‘इतर’ या कोडखाली भलताच माल असतो. कुठे किलो तर कुठे नग, नमुन्याची पाकिटे, परत आलेला माल, चुकीचा कोड अशी भेसळ असते. प्रत्येक ओळीचे वर्णन वाचून ठेवली, काढली, शंकास्पद असे तीन गट करा आणि कारण शेजारी लिहा. विरोधी पक्ष हीच यादी उकलून बसणार आहे.

एखाद्या देशातून येणारा माल एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल तर त्या देशाविरुद्धचा तपास बंद होतो. अपवाद एकच, असे छोटे देश मिळून ७ टक्क्यांच्या वर जात असतील तर. डंपिंगचे प्रमाण निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी निघाले तरीही तपास बंद.

खर्चाची वही

शुल्क ठरवताना दोन फरक काढतात. पहिला डंपिंगचा : परदेशातला सामान्य भाव वजा कारखान्याच्या दारापर्यंत मागे नेलेली निर्यात किंमत. दुसरा नुकसानाचा : तुमची नुकसानरहित किंमत वजा आयात मालाची इथली पोच किंमत. दोन्हींत जो कमी, तेवढेच शुल्क मिळते. चीनच्या बाबतीत तिथला देशांतर्गत भाव बहुधा स्वीकारला जात नाही, आणि मग सामान्य भाव भारतातला उत्पादन खर्च, विक्री व प्रशासकीय खर्च आणि वाजवी नफा यांवरून बांधला जातो. थोडक्यात, दोन्ही फरकांच्या मुळाशी बहुतेक वेळा भारतीय उत्पादकांचीच वही असते.

नुकसानरहित किंमत म्हणजे तुम्हाला हवा असलेला विक्री भाव नव्हे. नियमांचे परिशिष्ट ३ ती कशी काढायची ते सांगते. कच्चा माल आणि वीज-वाफ यांचे दर तपासाच्या काळातले, पण वापराचे प्रमाण चार वर्षांतले सर्वांत चांगले. टनामागे १.१२ टन कच्चा माल लागत असेल आणि दोन वर्षांपूर्वी १.०८ मध्ये भागले असेल, तर हिशेब १.०८ ने होतो. क्षमतेचा वापरही सर्वांत चांगल्या वर्षाचा धरतात. डंपिंगमुळे कारखाना ५५ टक्क्यांवर आला आणि पूर्वी ८५ टक्के चालला होता, तर स्थिर खर्च ८५ टक्क्यांवर वाटला जातो.

काय धरत नाहीत तेही पाहा. बुडीत कर्जे, देणग्या, मालमत्ता विक्रीतला तोटा, व्यापारी मालाचा खर्च, इतरांसाठी केलेल्या जॉबवर्कचा खर्च हे बाहेर. कारखान्याच्या दारानंतरचा कमिशन, सूट आणि वाहतुकीचा खर्च बाहेर. मालमत्तेचे वाढवलेले पुनर्मूल्यांकन बाहेर. संशोधन खर्च याच मालाचा आहे असे दाखवले तरच आत. कर्जावरचे व्याज वेगळे मिळत नाही. त्याऐवजी गुंतवलेल्या भांडवलावर करपूर्व परतावा धरतात, आणि डीजीटीआरची प्रथा २२ टक्क्यांची आहे. व्याज, कर आणि नफा सगळे त्यातच. भांडवल म्हणजे निव्वळ स्थिर मालमत्ता अधिक खेळते भांडवल. जुना, घसारा खाल्लेला कारखाना इथे मार खातो, कारण २२ टक्के लावायला पायाच लहान असतो.

एका कारखान्यात पाच उत्पादने असतील तर समाईक खर्चाची वाटणी हा खरा कस. बॉयलर, सांडपाणी प्रक्रिया, प्रयोगशाळा, प्रशासन, प्रत्येकाला एकच आधार ठरवा आणि चारही वर्षे तोच ठेवा. अर्जाच्या वर्षी अचानक आधार बदलला की तपासनीस तिथेच थांबतो. बाजूउत्पादनाची विक्री खर्चातून वजा केली नाही, ही दुसरी नेहमीची चूक. हे सगळे लेखापरीक्षित ताळेबंद, जीएसटी विवरणे आणि साठ्याच्या नोंदींशी पैन् पै जुळले पाहिजे, आणि त्यावर व्यवसाय करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. शक्य असेल तर आधी कॉस्ट अकाउंटंट नेमा, वकील नंतर.

आता एक काल्पनिक हिशेब, दर टनामागे. सामान्य भाव १,२०,००० रुपये. भारतीय बंदरापर्यंतची सीआयएफ किंमत, म्हणजे विमा आणि जहाजभाडे धरून, १,०२,०००. त्यातून जहाजभाडे, विमा, बंदर खर्च, कमिशन, बँक खर्च असे ६,००० वजा केले की कारखाना दाराची निर्यात किंमत ९६,०००. डंपिंगचा फरक २४,०००, म्हणजे २५ टक्के. पोच किंमत काढायला १,०२,००० वर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क ७,६५० आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७६५ मिळवा : १,१०,४१५. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, यात येत नाही. नुकसानरहित किंमत १,२६,००० ठरली तर नुकसानाचा फरक १५,५८५. मिळणारे शुल्क १५,५८५, २४,००० नव्हे. आता कच्च्या मालाची प्रमाणे कडक लागून ती किंमत १,१८,००० वर आली, तर शुल्क ७,५८५ वर घसरते. डंपिंग तेवढेच, संरक्षण निम्मे. हा हिशेब अर्जाआधी स्वतः करून पाहा. नुकसानरहित किंमत पोच किमतीच्या आसपास येत असेल तर दुखणे डंपिंगचे नाही, कारखान्याच्या खर्चाचे आहे.

नुकसान आणि त्याचे कारण

उत्पादन, विक्री, बाजारातला वाटा, क्षमतेचा वापर, नफा, रोख आवक, परतावा, साठा, कामगार, वेतन, भांडवल उभारण्याची ताकद, या सगळ्या अंगांचे चार वर्षांचे तक्ते लागतात. सगळीच खाली गेलेली असायची गरज नाही. विक्री टिकली पण तोटा सोसून टिकली, हेही नुकसानच. किमतीची बाजू तीन प्रकारे मांडतात : आयात माल तुमच्या भावाखाली विकला जातो का, त्यामुळे तुम्हाला भाव उतरवावा लागला का, आणि खर्च वाढूनही भाव वाढवता आला नाही का. तिसऱ्यासाठी टनामागचा खर्च, विक्री भाव आणि आयातीची पोच किंमत यांचा तिमाहीवार तक्ता सर्वांत बोलका असतो. चार ग्राहकांची ‘आयात भाव इतका आहे, तेवढ्यात द्या’ अशी ईमेल जोडली तर आणखी बळ येते.

नुकसानाची इतर कारणे विरोधक काढणारच. मागणी घटली, यंत्र बंद पडले, संप झाला, निर्यात कोसळली, नवीन तंत्रज्ञान आले. एखाद्या वर्षी भट्टी दोन महिने बंद होती तर ते स्वतः सांगा आणि तेवढा परिणाम वेगळा काढून दाखवा. निर्यातीचा तोटा देशांतर्गत हिशेबात मिसळू देऊ नका.

अर्ज गेल्यानंतर

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती लागतात, गोपनीय आणि अगोपनीय. अगोपनीय प्रतीत खरे आकडे झाकून पहिले वर्ष १०० धरून निर्देशांक द्यायचे. सगळेच काळे करून पाठवले तर गोपनीयतेचा दावा नाकारला जाऊ शकतो, कारण समोरच्याला उत्तर देण्याइतका सारांश देणे नियम ७ नुसार सक्तीचे आहे.

तपास सुरू झाल्याची अधिसूचना निघाली की निर्यातदार, आयातदार आणि वापरकर्ते प्रश्नावल्या भरतात. त्यांच्या अगोपनीय प्रती सार्वजनिक फाइलमध्ये येतात, त्या वाचल्याच पाहिजेत. तात्पुरते शुल्क तपास सुरू झाल्यावर ६० दिवसांच्या आत लावता येत नाही. अंतिम निष्कर्ष एका वर्षात, फार तर आणखी सहा महिन्यांत. तोंडी सुनावणीत बोललेले लेखी दिले तरच विचारात घेतात, म्हणून त्याच आठवड्यात मुद्दे कागदावर आणा. पडताळणीला अधिकारी कारखान्यात आले तर त्यांना मूळ बिले, बॅच नोंदी आणि खतावणी हाताशी लागते. निष्कर्षाआधी येणारे प्रकटीकरण विधान ही शेवटची संधी. त्यात तुमच्या नुकसानरहित किमतीची पत्रके गोपनीयरीत्या मिळतात, आणि त्यावर म्हणणे मांडायला थोडेच दिवस असतात. कॉस्ट अकाउंटंटला त्या आठवड्यात दुसरे काम देऊ नका.

डीजीटीआर फक्त शिफारस करते. शुल्क लावण्याचा अधिकार वित्त मंत्रालयाचा, मुदत अंतिम निष्कर्षानंतर तीन महिने. २०२० पासून पुढे अनेक शिफारशी तिथे अडल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये पॉलिस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचे शुल्क जनहिताचे कारण देऊन काढले गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये व्हिस्कोस स्टेपल फायबर या धाग्याच्या कच्च्या मालावरचे शुल्कही उठले. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच होते. तुमचा तयार माल दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि त्याचे म्हणणे तुच्छ लेखून चालणार नाही. ग्राहकाच्या अंतिम उत्पादनात तुमच्या मालाचा खर्च किती टक्के आणि शुल्काने तो किती वाढेल, याचा तक्ता अर्जातच द्या. परिणाम अर्धा टक्का असेल तर तो आकडाच तुमची बाजू मांडतो. दहा टक्के असेल तर मोठ्या ग्राहकांशी आधी बसून पुरवठ्याची आणि भावाची लेखी हमी द्या. अंतिम आदेशाविरुद्ध सीईस्टॅट या अपील न्यायाधिकरणाकडे ९० दिवसांत अपील करता येते.

शुल्क लागल्यावर

शुल्क सहसा पाच वर्षांचे असते आणि निर्यातदारागणिक दर वेगळा असतो. पहिल्या सहा महिन्यांत कमी दराच्या निर्यातदाराच्या नावाने आयात अचानक वाढते का, तिसऱ्या देशातून नवाच प्रवाह सुरू होतो का, शेजारच्या कोडखाली जवळजवळ तोच माल उतरतो का, हे दर महिन्याला पाहा. असे दिसले तर शुल्क चुकवण्याविरुद्ध वेगळा तपास मागता येतो. एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आणि निर्यातप्रधान घटकांच्या आयातीवर हे शुल्क सहसा लागत नाही, त्यामुळे ती आयात तुमच्या तक्त्यात वेगळी ठेवा.

मुदतवाढीसाठी शुल्क संपण्याच्या साधारण नऊ महिने आधी पुनरावलोकनाचा अर्ज तयार हवा. तिथला प्रश्न वेगळा असतो : शुल्क काढले तर डंपिंग आणि नुकसान पुन्हा होण्याची शक्यता आहे का. मधल्या काळात तुमचा नफा सुधारला म्हणून अर्ज फेटाळला जात नाही. पुरावा मात्र निर्यातदारांच्या रिकाम्या क्षमतेचा, त्यांच्या नव्या प्रकल्पांचा, आणि ते इतर देशांना कोणत्या भावाने विकतात त्याचा लागतो. ही माहिती शेवटच्या वर्षी एकदम मिळत नाही. शुल्क लागलेल्या पहिल्या तिमाहीपासून परदेशी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, व्यापारी नियतकालिकांतल्या क्षमतेच्या बातम्या आणि इतर देशांतल्या निर्यात भावाचे आकडे तारखेसह एका फाइलमध्ये लावत जा.